गोणी आमची, पेन्सिल त्यांची

(युवक अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला चिठ्ठीवर विषय लिहून दिला, 'नोकरीतील बढती आणि तरुणांचे नैराश्य'. हा नैराश्य शब्द मला मानवत नाही. तो दवाखान्यातला शब्द आहे. नैराश्य म्हटलं की माणसाच्या आतच काहीतरी बिघडलंय असं वाटतं. मग त्याला गोळी द्या, योगासनं शिकवा, पहाटे उठून चालायला लावा. आमच्या गोदीत याला 'डोकं सडणं' म्हणतात. बढतीची यादी लागली, नाव नाही, की माणूस म्हणतो, डोकं सडलं यार. बरोबर शब्द आहे. गोणीतली डाळ आपण होऊन सडत नाही. शेडचं छप्पर गळतं, गोणी भिजते, आठ-आठ दिवस तिला कुणी हलवत नाही, म्हणून ती सडते. तेव्हा मी डाळीला उपदेश करणार नाही, छपराबद्दल बोलणार आहे.

मी दहावी पास. एकोणिसाव्या वर्षी, बाप नोकरीत असताना वारला म्हणून, अनुकंपावर मजदूर लागलो. आज अठ्ठावीस आहे. कविता लिहितो, तुमच्यातल्या काहींनी वाचल्यात, काहींनी त्यावर मला शिव्याही घातल्यात. गोदीचं नाव मी मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की तुम्ही म्हणाल, ती गोदी हरामखोर आहे, आमचं खातं त्या मानानं बरंय. तुमचंही खातं तसंच आहे. फक्त तिथं बोटी लागत नाहीत.

मजदुराच्या वर, म्हणजे चौथ्या वर्गातून तिसऱ्यात जायची आमच्याकडची एक वाट म्हणजे टॅली क्लार्क. गोदीत न आलेल्यांसाठी सांगतो. बोटीच्या पोटात आम्ही गोण्या रचून स्लिंग बांधतो, क्रेन ती उचलते, धक्क्यावर ठेवते. धक्क्यावर एक माणूस पॅड घेऊन उभा असतो. एक स्लिंग, एक रेघ. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. फाटलेली गोणी वेगळी, ओली वेगळी, सांडलेलं झाडून भरलेलं वेगळं. पाळी संपली की बोटीकडचा मोजणारा आणि धक्क्यावरचा मोजणारा आकडे जुळवतात, सह्या करतात. बोटीतून किती माल उतरला हे त्या कागदावर ठरतं. मी माझ्या पाठीवर किती वाहिलं ते माझ्या पाठीला माहीत असतं, पण पाठीची साक्ष कुठलं ऑफिस धरत नाही. पेन्सिलीची धरतात.

आता टोळी बघा आणि पॅडवाले बघा. टोळीत आपला, मुसलमान, घाटावरचा कुणबी, तिकडचा यादव, सगळे. पॅडवाल्यांची आडनावं एकदा वाचा. मी वाचलीत. नोटीस बोर्डावर लागलेली यादी वाचायला मनाई नाही.

काही मित्र मला चिडवतात. म्हणतात, क्रांतीच्या कविता लिहितोस आणि टॅली क्लार्क व्हायला धडपडतोस, म्हणजे तूही पांढरपेशा व्हायला निघालास. हे बोलणारे बहुतेक बँकेत आहेत. पंख्याखाली बसून त्यांना माझ्या घामात क्रांती दिसते. मी त्यांना सांगतो, बाबांनो, माझा बाप एकावन्नाव्या वर्षी कमरेतून वाकला होता. मला सरळ उभं राहून म्हातारं व्हायचंय. पगारातला फरक हवाय, घरात आई आहे, दोन बहिणींची शिक्षणं आहेत. आणि ती पेन्सिल हवीय. यात लाजण्यासारखं काय आहे?

तर माझ्या तीन बढत्या कशा हुकल्या ते सांगतो. रडगाणं म्हणून नाही, तीन तऱ्हा म्हणून ऐका, कारण याच तऱ्हा तुमच्या खात्यात वापरतात.

पहिल्या वेळी अट होती पाच वर्षं नोकरी. माझी झाली होती. यादीत माझ्या नावापुढं शेरा: सतरा दिवस कमी. का? तर मी हजर झालो ती तारीख त्यांनी धरली नाही, माझा कागद साहेबाच्या टेबलावरून सही होऊन आला ती तारीख धरली. सतरा दिवस मी गोण्या उचलल्या, पगार घेतला, फंड कापला गेला, पण मी नोकरीत नव्हतो. माझ्यानंतर लागलेला एकजण त्या यादीत होता. त्याचा कागद एका दिवसात सही झाला होता.

दुसऱ्या वेळी लेखी परीक्षा झाली. बेरीज-वजाबाकी, इंग्रजीत चार ओळी, टॅलीचा तक्ता भरणं. पास झालो. जागा निघाल्या सहा. खालच्या बाबूनं मला अगदी प्रेमानं समजावलं. बघ, बिंदुनामावलीत तुमचा बिंदू सातवा, आदिवासींचा चौदावा. जागा सहाच आहेत. पुढच्या वेळी सातवी निघाली की तूच. मी चहा पिऊन परत आलो. रात्री बोटीवर स्लिंग मोजताना ते माझ्या टाळक्यात शिरलं. बिंदू सातवा असतो हे खरंच आहे, पण मोजणी दर वेळी एकपासून कशी सुरू होईल? टॅली क्लार्कनं पाळी बदलली की गोण्या पुन्हा एकपासून मोजल्या तर त्याला घरी बसवतील. दर वेळी सहाच जागा काढायच्या, दर वेळी एकपासून मोजायचं, म्हणजे सातवा बिंदू जन्मात येणार नाही. नंतर वाचलं तेव्हा कळलं. सबरवाल विरुद्ध पंजाब या खटल्यात १९९५ सालीच सुप्रीम कोर्टानं ठरवून दिलंय की बिंदू त्या संवर्गातल्या एकूण पदांवर मोजायचे, निघालेल्या रिकाम्या जागांवर नाही. केंद्र सरकारनं त्याप्रमाणे २ जुलै १९९७ ला आदेशही काढला. संवर्ग एकदा भरला की ज्याच्या बिंदूवरचा माणूस निवृत्त होईल त्याच्याच वर्गातला माणूस तिथं बसवायचा. त्या वर्षी निवृत्त झालेला एक टॅली क्लार्क आपल्यातला होता. त्याच्या निरोपाचे पेढे मी खाल्लेत.

तिसरी तऱ्हा सगळ्यात सभ्य. परीक्षा पास. ज्येष्ठता पुरी. दोन वर्षं रात्रपाळीला माणूस कमी पडला की मलाच पॅड देऊन धक्क्यावर उभं करत होते. तोंडी हुकूम, लेखी काही नाही, त्यामुळं वरच्या कामाचा भत्ताही नाही. माझ्या टॅलीवर बोटी रिकाम्या होऊन गेल्या. पण समितीपुढं कागद गेला आणि शेरा आला, 'योग्य आढळले नाहीत'. कशामुळं? गोपनीय अहवालामुळं. मजदुराचा गोपनीय अहवाल असतो हे मला आठ वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं गोपनीय फक्त मिल्ट्रीत असतं. त्यात माझ्याबद्दल वाईट एक शब्द नव्हता. 'गुड' लिहिलं होतं, सलग. आणि निवडीला लागतं 'व्हेरी गुड'.

म्हणजे आपल्याला शिवी देऊन नाही, शाबासकी देऊन खाली ठेवतात. बरं, ही तऱ्हा माझ्यावरच पहिल्यांदा झाली असंही नाही. सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या खात्यातले एक इंजिनियर, देव दत्त. त्यांच्या अहवालात एका वर्षी 'गुड' पडलं, ते त्यांना कळवलं नाही, आणि तेवढ्यावर बढती गेली. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १२ मे २००८ ला निकाल लागला की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, नुसती वाईट नाही, चांगलीसुद्धा, कारण बढतीच्या वेळी 'चांगलं'च आडवं येऊ शकतं. २०१३ मध्ये सुखदेव सिंग खटल्यात तेच पुन्हा सांगितलं. इंजिनियर माणसाची ही गत, तर खालच्या माणसाच्या नोंदी कोण कळवतो?

या तीन वेळांत डोक्याचं काय होतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कायद्याचा क्लास घेतोय. पहिल्या वेळी राग येतो. राग चांगला, त्यात अंगात ताकद असते. दुसऱ्या वेळी शंका येते, माझंच तर काही चुकत नाही ना? आरशात बघून माणूस आपलं इंग्रजी तपासतो. तिसऱ्या वेळी राग दिशा बदलतो. साहेबावर जायचा तो बायकोवर जातो, पोरावर जातो, शेजारच्या खाटेवर झोपलेल्या भावावर जातो. बाटलीत जातो. आमच्या पाळीला एक वडीलधारे होते, चौतीस वर्षं मजदूर, पहिल्या दिवशी मजदूर आणि शेवटच्या दिवशी मजदूर. माझी आई त्यांना भाऊ म्हणायची. हिशोब तोंडी करायचे, क्लार्कच्या आधी. निवृत्त झाले तेव्हा त्यांना आम्ही विचारलं, तुम्ही कधी अर्ज का नाही केला? म्हणाले, केला होता रे तीनदा, मग वाटलं आपल्यातच धमक नाही. हे वाक्य मला सगळ्यात भयंकर वाटतं. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्याचा शेरा स्वतःच्या तोंडानं वाचला.

आणि 'आपल्यातच धमक नाही' हे कुणी शिकवलं? मनमाडला जा. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला तिथं जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती, अध्यक्ष बाबासाहेब. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू, हे त्या भाषणातलं सगळ्यांना पाठ आहे, पोस्टरवर असतं. पण त्याच भाषणात बाबासाहेब एकेक खातं घेऊन मोजत गेलेत, अगदी टॅली मारल्यासारखं, ते कुणी वाचत नाही. आपला माणूस रेल्वेत गँगमन लागतो आणि गँगमनच राहतो. पोर्टर होत नाही. का, तर स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरचं काम करून घेतो आणि त्याला अस्पृश्य घरात चालत नाही. क्लार्क होत नाही. मॅट्रिक न झालेले दुसरे क्लार्क होतात, आपले मॅट्रिक झालेले बाहेर. वर्कशॉपात मेकॅनिक नाही, मिस्त्री क्वचित, बहुतेक हमालच. लायकीचा प्रश्नच नव्हता, मॅट्रिकची सर्टिफिकिटं खिशात होती. मुंबईच्या गिरण्यांत तेच. विणखात्यात पगार जास्त, पण धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा असतो, विटाळ होईल, म्हणून आपल्याला प्रवेश नाही. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनपुढं टाकला, तेव्हा लाल झेंडेवाल्यांची पंचाईत झाली होती. आज धोटा नाही, विटाळ शब्द कुणी तोंडावर उच्चारत नाही. आज 'गुड' म्हणतात.

कायद्याची शिडीही एकदा बघून घ्या, कारण तिच्या पायऱ्या सारख्या काढतात आणि बसवतात. रंगाचारी खटल्यात १९६१ साली रेल्वेतलंच प्रकरण होतं, तीन विरुद्ध दोन न्यायमूर्तींनी बढतीतलं आरक्षण कायम ठेवलं. एका मतानं! १६ नोव्हेंबर १९९२ ला मंडल खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं, कलम १६(४) मध्ये बढतीचं आरक्षण बसत नाही, पाच वर्षं चालू ठेवा. मग १९९५ साली ७७ वी घटनादुरुस्ती, कलम १६(४अ). मग ज्येष्ठतेवर कात्री लागली, म्हणून २००१ साली ८५ वी. २००६ साली नागराज खटला, आरक्षण द्या पण आधी आकडेवारी दाखवा. २०१८ ला जर्नैल सिंग खटल्यात म्हणाले, मागासलेपणाची आकडेवारी नको, पण प्रतिनिधित्व किती कमी आहे त्याची पाहिजे. २०२२ ला म्हणाले, ती प्रत्येक संवर्गाची वेगळी पाहिजे. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत तर २५ मे २००४ चा बढतीतल्या आरक्षणाचा शासन निर्णय ४ ऑगस्ट २०१७ ला मुंबई हायकोर्टानं रद्द केला, आणि ७ मे २०२१ ला सरकारनं आदेश काढून सगळ्या जागा सेवाज्येष्ठतेनं भरायला सांगितल्या. आकडेवारी कोण गोळा करणार? तेच खातं, ज्याला ती नकोय. आमच्यावर पुरावा नसल्याचा आरोप, आणि पुराव्याच्या कपाटाची चावी त्यांच्या कमरेला.

वर 'कार्यक्षमता' आहेच. आपला माणूस वर गेला की गाडी घसरते म्हणे. ज्यांना आकडे पाहिजेत त्यांनी आकडे घ्या. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८० ते २००२ या काळातल्या भारतीय रेल्वेचा हिशोब तपासला, २०१४ साली तो छापून आला. अनुसूचित जाती-जमातींचं प्रमाण वाढल्यानं उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. उलट वरच्या दोन श्रेणींत ते प्रमाण जास्त असलं की काम सुधारल्याच्या काही खुणा सापडल्या. मनमाडची ती रेल्वे हीच.

आता करायचं काय ते. मी काय केलं तेवढंच सांगतो. मी कागद मागायला लागलो. आधी सेवाज्येष्ठता यादी. मग बिंदुनामावलीची नोंदवही, बघायला आणि नक्कल घ्यायला. मग माझे स्वतःचे अहवाल, सगळ्या वर्षांचे. दुसऱ्याचा अहवाल मिळत नाही, आपला मिळतो. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा आहे, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर अपील. अर्ज साध्या मराठीत लिहा. 'माझ्यावर अन्याय झाला' असं लिहू नका. अन्याय हा त्यांच्या फायलीत बसणारा शब्द नाही, त्याचं उत्तर 'नाही' असं एका ओळीत येतं. 'नोंदवहीच्या अमुक बिंदूवर अमुक तारखेला कोण नेमला' असं विचारा. याचं उत्तर देताना बाबूचा हात थरथरतो. आमच्या खात्यात पहिला अर्ज गेला तेव्हा तीन दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. चौथ्या दिवशी ज्या बाबूनं मला सातव्या बिंदूची गोष्ट सांगितली होती, तोच म्हणाला, अरे मला विचारायचंस ना. तीस दिवसांनी नक्कल आली. त्यात एका बिंदूवर खोडाखोड आहे, वर सहीसुद्धा नाही. ती नक्कल मी राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडं पाठवलीय. निकाल लागलेला नाही. पण एक झालं, त्या दिवसापासून मी आरशात माझं इंग्रजी तपासणं बंद केलं.

आणि एकट्यानं मागू नका. एकाचा अर्ज म्हणजे तक्रारखोर माणूस, अकरा जणांचे अकरा अर्ज म्हणजे खात्याची बैठक. आम्ही अकरा झालो. अकरात दोन कुणबी आहेत आणि एक मुसलमान, कारण सतरा दिवसांची कात्री त्यांनाही लागली होती. त्यांना आरक्षणाचं पटत नाही. चहावर भांडतो त्यावरून. पण ज्येष्ठता यादी सगळ्यांनी मिळून मागितली.

एक गोष्ट मात्र जपा. बढतीची आशा ही दोरी असते. मला एका साहेबानं केबिनमध्ये बोलावून, खुर्ची देऊन सांगितलं, तू हुशार आहेस, लिहितोस बरं. पण ते मासिक, ते मोर्चे, ते जरा वर्षभर थांबव. वरची माणसं वाचतात. पुढच्या यादीचं मी बघतो. मित्रांनो, मला मारलं असतं तर सोपं होतं. खुर्ची दिली म्हणून ते अवघड गेलं. रात्रभर आईचा चेहरा डोळ्यांपुढं होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, साहेब, 'बघतो' हे लेखी द्या. दिलं नाही. मीही लिहिणं थांबवलं नाही. पण बघा, आपल्यातले किती जण असे वर्षभर थांबलेत, आणि वर्षाची दहा वर्षं झालीत. ते गद्दार नाहीत, त्यांना बढतीच्या रांगेत उभं केलंय, आणि रांग सोडून कोण हलतो?

आणि जे खरंच वर गेले, पंख्याखाली पोचले, ते आमच्या शेडकडं बघत नाहीत ही ओरड मीही करतो. पण त्यांच्यातल्याच एका निवृत्त हेडक्लार्क काकांनी मला नोंदवही कशी वाचायची ते शिकवलं, चार रविवार, स्वतःच्या घरी, पोहे खाऊ घालून. म्हणून सगळ्यांना एका फटक्यात शिव्या घालायचं मी सोडलंय.

शेवटी एक अडचणीचा मुद्दा, तो टाळला तर तुम्ही मला इथून उठवून द्यावं. मी भांडतोय चौथ्या वर्गातून तिसऱ्यात जायला. पण गोदीच्या गेटवर सकाळी जी पोरं उभी असतात, ठेकेदाराची, त्यांना चौथा वर्गही नाही. माझ्याच वस्तीतली आहेत. एकजण बी.ए. आहे, माझ्यापेक्षा चांगल्या कविता करतो. माणूस निवृत्त झाला की जागा भरत नाहीत, रिकामी ठेवतात, मग कागदावरून पुसतात, आणि ते काम ठेकेदाराकडं जातं. ठेकेदाराच्या हजेरीपटाला बिंदुनामावली लागत नाही, ज्येष्ठता नाही, गोपनीय अहवालही नाही. त्याला 'गुड' म्हणायलासुद्धा कुणी नाही. तो मला परवा म्हणाला, भाऊ, तुमचं डोकं सडायला तुमच्याकडं निदान यादी तरी आहे. मी काय बोलणार? आमची शिडी वर सरकली आणि खालची पायरी कापली गेली, तर मी पेन्सिल घेऊन त्याच्याच गोण्या मोजत उभा राहणार. म्हणून अकरा जणांच्या अर्जात आम्ही आता बारावी गोष्ट मागितलीय, गेल्या दहा वर्षांत मजदुरांची किती पदं पुसली, कोणत्या तारखेच्या कोणत्या आदेशानं. या अर्जावर आमच्या अकरात भांडण झालं. दोघं म्हणाले, आपली बढती आधी पदरात पडू दे, यात साहेब बिथरेल. दोघांनी सही केली नाही. नऊ सह्यांनी अर्ज गेला. त्या दोघांशी मी बोलतोय अजून.

चौथ्या वेळचं परिपत्रक गेल्या आठवड्यात लागलंय. जागा पाच. मी अर्ज दिला, पोच घेतली, पोचीवर शिक्का मारून घेतला. ज्यांना आपल्या खात्याची यादी मागायचीय त्यांनी मागं थांबा, कोरे अर्ज मी आणलेत, कार्बनही आणलाय. मला साडेदहाला निघावं लागेल, तिसरी पाळी बाराची आहे. आणि तो बी.ए.वाला आलाय, दाराशी उभा आहे, त्याला आता त्याची कविता वाचू द्या.